चालणाऱ्या बाईचा रेनकोट

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना खामगावला मुक्कामी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेगावकडे निघते आणि तिच्यामागे आमचं खामगाव तर चालतंच, पण आजूबाजूच्या तालुक्यांतले लोकही येऊन मिळतात. सोळा-सतरा किलोमीटरची वाट. मी आणि माझ्या जाऊबाई दरवर्षी जातो. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी घाईघाईने बाजारातून दोन प्लॅस्टिकचे रेनकोट आणले. शंभर रुपयांना एक. स्वस्तात काम झालं म्हणून आम्ही दोघी खूश!

पाऊस काही मोठा नव्हता. नुसती भुरभुर. चहा आणि केळी वाटणारे जागोजागी उभे होते, नामस्मरण चाललं होतं, पाय उचलत होते. दोन तासांनी एका झाडाखाली टेकलो आणि कोट काढला, तर ब्लाउज पिळून काढावा इतका ओला. जाऊबाई म्हणाल्या, "कोट फाटला की काय गं तुझा?" फाटला कुठला! तो सगळा माझाच घाम होता. त्यात वारा सुटला आणि दात वाजायला लागले. शेगावला दर्शन झालं, पण घरी आले ती तापानेच. आठ दिवस अंथरुणात.

मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. त्या आठ दिवसांत बुडालेल्या तासांच्या पैशांत चांगल्यातला चांगला कोट आला असता. सुंठीचा काढा देता देता सासूबाईंनी हा हिशेब मला दोनदा ऐकवला.

मैत्रिणींनो, आपल्या घरांत जूनमधली खरेदी कशी होते, आठवून बघा. आधी मुलांचे शाळेचे रेनकोट, मग ह्यांचा गाडीवर घालायचा कोट-पँटचा जोड. आणि बाईला? बाईला छत्री आहे की! तीही एक काडी मोडलेली. मला बसथांब्यापासून शाळेपर्यंत रोज दीड-दोन किलोमीटर चालावं लागतं. दोन्ही बाजूंना उघडी काळी रानं. एका हातात वह्यांची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि आडवा वारा आला की छत्रीचं फूल उलटं! शेतातल्या बाया पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतात, दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. त्यांचं शहाणपण आपल्यापेक्षा जास्त.

तापातून उठल्यावर मी ठरवलं की पुढच्या वर्षी स्वतःच्या पैशाने, नीट बघून कोट घ्यायचा. मग जरा वाचलं, चार दुकानं हिंडले. गंमत म्हणजे आपल्या आजच्या तक्रारी दोनशे वर्षांपूर्वीच्याच आहेत. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ साली कापडाच्या दोन थरांमध्ये पातळ केलेलं रबर घालून पाणी न शिरणारं कापड केलं. पण शिंप्याने सुई घातली की त्या भोकांतून पाणी आत यायचं, आणि घातलेला माणूस आत घामाने भिजायचा. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली बंगालमध्ये हा उद्योग सुरू केला आणि त्यांचा 'डकबॅक' हा शब्द घराघरांत गेला. कोट पुष्कळ सुधारले, पण शिवण आणि घाम ही दोन दुखणी अजून तीच आहेत.

यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दुकानात टांगलेले बहुतेक कोट हे गाडीवर बसणाऱ्या माणसासाठी असतात. गाडीवर अंग हलत नाही, वारा लागतो, घाम फार येत नाही. चालणाऱ्याचं उलटं. अंग तापतं, घामाची वाफ होते, आणि नुसत्या प्लॅस्टिकच्या कोटात ती वाफ अडकून तिचं पाणी होतं. तेव्हा चालायला कोट घेताना पाऊस बाहेर राहील का, हे विचाराच, पण त्याआधी आतली वाफ बाहेर जाईल का, हे विचारा.

यावर एक महागडा उपाय आहे. अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९ साली एक पदार्थ ताणून असा पातळ पडदा केला की त्याच्या छिद्रांतून वाफ जाते, पण पाण्याचा थेंब जात नाही. अशा पडद्याचे कोट आता मिळतात, पण किंमत हजारांत. बरं, ते घेऊन आपलं भागेल असंही नाही. आपल्या श्रावणात हवाच इतकी दमट असते की आतली वाफ बाहेर जायला फारशी तयार नसते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या थंडीत, बुलढाण्याच्या घाटात सकाळी फिरायला जाणारीला त्याचा उपयोग जास्त. आपल्याला साधं कापड, आतून लेप दिलेलं, आणि हवेला वाट असलेला कोट पुरतो. काखेत चेन किंवा जाळी हवी. पाठीवर वरून झडप आणि तिच्याखाली जाळी असली तर उत्तम. मी दुकानदाराला काखेतली चेन विचारली तेव्हा तो हसला. "ताई, काखेत कशाला?" म्हटलं, तुम्ही एकदा शेगावपर्यंत चालून बघा!

कोट हातात घेतला की आधी उलटा करा. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे, खांद्यावर आणि टोपीच्या जोडावर तर हवीच. चेनीवर झाकणारी पट्टी हवी, नाहीतर पाणी सरळ पोटावर. टोपीला नाडी आणि पुढे थोडं छज्जासारखं टोक असावं. टोपी घालून मान दोन्हीकडे वळवून बघा. मान वळली आणि टोपी जागच्या जागी राहिली, तर मागून येणारा ट्रक दिसायचा नाही. रंगाचंही तेच. आपण बायका मळखाऊ म्हणून तपकिरी घेतो, पण अंधारून आलेल्या रस्त्यावर पिवळा किंवा नारिंगीच दिसतो. पाठीवर रेडियमची पट्टी असली तर बघायलाच नको.

आता साडीचं काय? पँटचा जोड साडीवर चढत नाही. घोट्यापर्यंतचा कोट घ्यावा तर पाऊल लांब पडत नाही. मी गुडघ्याखाली चार बोटं येणारा घेतला, मागे चीर असलेला. त्यावरून ओघळलेलं पाणी साडीच्या खालच्या घेरावर येतं, हे खरं. म्हणून पावसाळ्यात शाळेला सुती साडी नेसत नाही. सुती कापड पाणी पितं, जड होतं आणि वाळत नाही. पालखीत नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या बाया आम्हाला मागे टाकून भराभर जातात त्याचं कारण हेच. काष्ट्याने घेर वर, पाय मोकळे. पदर आणि खांद्यावरची पर्स यांच्यावरूनच कोट घालून पाहा, दोन्ही हात वर करा. मापापेक्षा एक नंबर मोठाच लागतो.

घरी आणल्यावर बिल जपून ठेवा आणि त्याच दिवशी परीक्षा घ्या. कोटाचा खोलगट भाग करून त्यात पेलाभर पाणी ओता, खालून बोटाने चोळा. दहा मिनिटांत बोट ओलं झालं तर दुसऱ्या दिवशी परत.

निगा फार नाही. ओला घडी करून ठेवला की बुरशी आणि कुबट वास ठरलेला. सावलीत उलटा-सुलटा वाळवा, इस्त्री मुळीच नको. धुताना साबणाचा अंश राहू देऊ नका, नाहीतर थेंब घरंगळायचे ते कापडात मुरायला लागतात. दिवाळीनंतर लगेच माळ्यावर टाकू नका. कधी अवकाळी पाऊस येतो, आणि नसला तरी पहाटेच्या गार वाऱ्यात स्वेटरवरून हाच कोट चालतो.

माझा कोट अठराशेला आला. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "एवढे पैसे रेनकोटाले कायले घालतं वो माय?" मी गप्प बसले. त्यानंतर दोनदा त्या कोटात शेगावला चालत गेले, अंगात थोडी ओल आली, पण ताप नाही.

गेल्या ऋषिपंचमीला, महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवशी, सकाळपासून झड लागली होती. शाळेत निघाले तर खुंटीवर कोट नाही. सासूबाई शेजारच्या काकूंबरोबर पहाटेच्या बसने शेगावला गेल्या होत्या. मी मोडक्या काडीची छत्री घेऊन शाळेत गेले. संध्याकाळी त्या घोट्यापर्यंत आलेला कोट सावरत घरी आल्या आणि म्हणाल्या, "काखेतून हवा मस्त लागते वो." पुढच्या जूनमध्ये आणखी एक घ्यावा लागणार, दोन नंबर लहान.