सध्या काय करतोस?

दिवाळीची सुट्टी लागली की पेण-रोह्याकडच्या शाळा-कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांना ऊत येतो. प्रवेशद्वारावर फ्लेक्स, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, मिसळीचा वास, आणि टक्कल पडलेल्या गृहस्थाला शाळेतल्या टोपणनावाने हाक मारणारा दुसरा तितकाच टकला गृहस्थ. सुरुवातीला दिवंगत मित्रांची नावं वाचली जातात, दोन मिनिटं शांतता पाळली जाते. मग माइक फिरू लागतो. जो तो उठून नाव, कंपनी, हुद्दा, मुलं परदेशात कुठे, एवढं सांगून खाली बसतो. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेला माणूससुद्धा शेवटचा हुद्दाच सांगतो. ‘सध्या काय करतोस?’ असं कुणी विचारलंच, तर उत्तर येतं, ‘काही नाही, आराम.’

हे ‘काही नाही’ सहसा खरं नसतं.

व्यापार-व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल 1908 सालचं. त्याच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात वर्षागणिक तुकडीची खबरबात छापली जाते आणि गेलेल्यांची नोंदही ठेवली जाते. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, 1913 मध्ये निघालं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1918 ते 1920 या काळात तिथे अर्थशास्त्र शिकवत होते. पुण्याचं बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय 1943 चं. कोलकाता आणि अहमदाबाद इथल्या आयआयएम 1961 च्या, तर मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था 1965 ची. म्हणजे ‘बजाज’ची पहिली तुकडी आता ऐंशीच्या घरात आहे. आठवणी लिहून घ्यायच्या तर हीच वेळ.

कोकणातल्या मुलाला या संस्था फार दूर होत्या. रेल्वे रोह्यापर्यंत आली 1986 मध्ये. त्याआधी एस.टी.ने मुंबई गाठायची, गिरगावात किंवा दादरला काका-मामाकडे पथारी टाकायची आणि सकाळचं कॉलेज करून दुपारी कुठेतरी नोकरी धरायची, हाच शिरस्ता. पुढे पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालयात कॉमर्सची सोय झाली. रोह्याच्या कॉमर्स कॉलेजला नाव मिळालं डॉ. सी. डी. देशमुख यांचं.

या नावापाशी थांबायला हवं. चिंतामणराव देशमुख जन्मले महाडजवळच्या नाते गावी, 14 जानेवारी 1896 रोजी. वडील द्वारकानाथ रोह्याला वकिली करत. चिंतामणराव 1912 च्या मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजला शिकले ते वनस्पतिशास्त्र वगैरे विषय, आणि 1918 मध्ये आयसीएसला पुन्हा पहिले. कॉमर्सची पदवी त्यांच्याकडे नव्हतीच. तरी 11 ऑगस्ट 1943 रोजी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि 1950 मध्ये देशाचे अर्थमंत्री. 1952 च्या पहिल्या लोकसभेत ते निवडून गेले कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आजच्या रायगडातून.

इथवरचं सगळं भाषणांतून ऐकायला मिळतं. 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं, हेही. वक्ते तिथेच टाळ्या घेतात आणि आभारप्रदर्शनाला वाट करून देतात. त्या वेळी चिंतामणराव साठीला टेकले होते, आणि पुढे त्यांना आणखी सव्वीस वर्षांचं आयुष्य मिळालं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते अध्यक्ष झाले, 1959 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1962 ते 1967 या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. 1969 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून ते तिसरे आले. त्याआधी कालिदासाचं मेघदूतही त्यांनी मराठीत आणलं होतं.

त्यांचं एक काम मात्र गावाकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. हैदराबादच्या बेला व्हिस्टा या जुन्या राजवाड्यात 1956 मध्ये अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज सुरू झालं. इंग्लंडमधल्या हेन्लीच्या कॉलेजचा नमुना समोर होता. कारखान्यांतले आणि सरकारातले अनुभवी अधिकारी एकत्र आणायचे, छोटे गट पाडायचे, प्रश्न द्यायचा आणि त्यांनाच वाद घालून उत्तर काढायला लावायचं, ही तिथली पद्धत. आयआयएम निघण्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट. या कॉलेजच्या नियामक मंडळाचं अध्यक्षपद चिंतामणरावांनी दीर्घकाळ सांभाळलं. रोह्याच्या घरातल्या मुलाने स्वतः व्यवस्थापनाचा वर्ग कधी पाहिला नाही, पण देशातल्या थोरामोठ्या मॅनेजरांचा वर्ग चालवला.

त्यांची अखेरची वर्षंही हैदराबादेतच गेली. दुर्गाबाईंशी त्यांचं लग्न 1953 मध्ये झालं होतं, पंडित नेहरू साक्षीदार होते. उतारवयात दोघांनीही आठवणी लिहिल्या. चिंतामणरावांचं ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ 1974 चं, दुर्गाबाईंचं ‘चिंतामण अँड आय’ 1980 चं. दुर्गाबाई 1981 मध्ये गेल्या, चिंतामणराव 2 ऑक्टोबर 1982 रोजी. गांधीजयंतीच्या धामधुमीत गेलेल्या या माणसाची पुण्यतिथी आजही तशी झाकोळूनच जाते.

पद सोडल्यावर दुसरा डाव मांडणारे इतरही आहेत. अहमदाबाद आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई एक मुदत संपताच 1972 मध्ये खुर्चीवरून उठले, प्राध्यापक म्हणून तिथेच राहिले आणि राजस्थानातल्या जवाजा भागातल्या विणकर-चर्मकारांबरोबर काम करू लागले. एमआयटीत व्यवस्थापन शिकलेले दीप जोशी ‘प्रदान’ या संस्थेतून खेड्यांत रमले, 2009 मध्ये मॅगसेसे मिळाला. सिडनहॅममध्ये शिकलेले रॉनी स्क्रूवाला यांनी मनोरंजन व्यवसायातून पाय काढल्यावर ‘स्वदेस फाउंडेशन’साठी रायगडच निवडला. रोह्याला लागून असलेल्या तळा तालुक्यात त्यांच्या पाणी आणि शौचालयांच्या कामांशी लोकांचा परिचय आहे. ‘बजाज’मध्ये शिकलेले उदय कोटक 2023 मध्ये स्वतः उभारलेल्या बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकपदावरून पायउतार झाले, त्यांचा दुसरा डाव अजून पाहायचा आहे.

ही झाली मोठी नावं. पेण-रोह्याचा सर्वसाधारण बी.कॉम. मात्र बँकेत चिकटला. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली, तेव्हा देशभरात सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. ऐन पन्नाशीत घरी बसलेल्या या पिढीने पुढे काय केलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. कुणी सोसायटीचे हिशेब पाहिले, कुणी पतसंस्थेचं ऑडिट, कुणी देवस्थानची वही. पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागातल्या गणपती कारखान्यांत आजही कर्जाचे कागद करून देणारा एखादा निवृत्त बँकवाला हमखास सापडतो. मूर्ती भाद्रपदात विकायची, पण माती, रंग आणि मजुरीचा पैसा लागतो कित्येक महिने आधी. हे गणित बँकेच्या नव्या साहेबाला समजावून सांगणं हेच त्याचं ‘काही नाही, आराम’.

याच पेणमध्ये 2010 मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेचा घोटाळा बाहेर आला आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. कित्येकांची ती म्हातारपणाची पुंजी होती. पुढची अनेक वर्षं हातात पावत्यांची पिशवी घेऊन मोर्चे, बैठका आणि न्यायालयाच्या तारखा करण्यात गेली. उतारवयात ताळेबंद वाचायला शिकलेल्या या माणसांकडे कॉमर्सची पदवी असो-नसो, व्यवहाराचं शिक्षण त्यांनी पुरेपूर मोजून घेतलं. रिझर्व्ह बँकेला पहिला भारतीय गव्हर्नर देणाऱ्या जिल्ह्यात हे घडावं, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

असे अनुभव विरून जाऊ नयेत म्हणून पेण आणि रोहा या दोन्ही गावांच्या कॉलेजांना एक सुचवावंसं वाटतं. यंदाच्या मेळाव्यात फ्लेक्सचा खर्च थोडा कमी करा आणि एक जाड वही आणा. प्रत्येकाला अर्धं पान द्या, हुद्दा सोडून बाकी सगळं लिहायला सांगा. जे गेले त्यांच्याविषयी त्यांच्या बाकावरच्या सोबत्याने लिहावं, आणि सुरुवात सर्वांत जुन्या तुकडीपासून करावी.