उतारवयाची शिदोरी पुरेल काय?

राज्यसरकारच्या सेवेंत १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं दाखल झालेल्या नोकरास निवृत्तिवेतन मिळतें, आणि महागाईबरोबर तें वाढतेंहि. परंतु छत्रपति शाहू महाराजांनीं १८९५ सालीं वसविलेल्या शाहूपुरींतील गुळाच्या अडत्यास असें वेतन कोण देणार? त्याची पुंजी हीच त्याची पेन्शन. ती पुरेल कीं नाहीं, हें ठरवावयाचें कसें?

एक कल्पित कुटुंब घेऊं. गृहस्थ ६० वर्षांचे, पत्नी ५५ वर्षांची. घरखर्च दरमहा ४०,००० रुपये. एका गाळ्याचें भाडें १०,००० येतें, आणि बँकेंत ६० लाख आहेत. कर वजा जातां ६ टक्के व्याज धरलें, तर महिना ३०,००० होतात. भाडें मिळवून खर्चाची तोंडमिळवणी झाली, मुद्दलहि शाबूत राहिलें! दुकान बंद करावयास आतां हरकत नाहीं, असें गृहस्थांस वाटतें.

पण किमतीहि वर्षाला ६ टक्क्यांनीं चढल्या तर? ७२ या आंकड्यास महागाईच्या दरानें भागावें, म्हणजे खर्च किती वर्षांत दुप्पट होईल याचा अजमास लागतो. येथें उत्तर १२ येतें. बारा वर्षांनीं तोच संसार ८०,००० मागेल. व्याज मात्र ३०,०००च राहील.

तेव्हां हिशेब असा मांडावा. व्याज आणि महागाई समान असली, तर व्याजाची सारी मिळकत रुपयाची घसरण भरून काढण्यांतच जाते. म्हणून वर्षाची तूट गुणिले वर्षें, इतकी पुंजी हवी. भाडें महागाईप्रमाणें वाढत जाईल असें धरलें, तरी तूट आजच्या रुपयांत वर्षाला ३,६०,०००. साठ लाखांस तिनें भागलें, तर जेमतेम १६ वर्षें ८ महिने निघतात. त्या वेळीं पत्नीचें वय असेल अवघें ७१! वर्षें मोजावयाचीं तीं दोघांपैकीं लहान असेल त्याच्या वयावरून. तिच्या ८५ व्या वर्षापर्यंत ३० वर्षें होतात. त्यांस १ कोटि ८ लाख लागतील.

राहतें घर व अंगावरचे दागिने या बेरजेंत धरूं नयेत. विकल्यावांचून त्यांतून महिन्याचा किराणा येत नाहीं. दुखण्याखुपण्याची तजवीजहि निराळी ठेवावी.

मग उपाय काय? दुकान आणखी पांच वर्षें चालवून घरखर्च त्यांतूनच भागविला व ठेवीचें व्याज मुद्दलांत मिळविलें, तर साठ लाखांची आजची किंमत टिकते आणि उरतात २५ वर्षें. त्यांस आजच्या हिशेबानें ९० लाख पुरतात. मुलासाठीं राखलेला तीस लाखांचा भूखंड विकला, तर ती जुळणी होते. हा निर्णय कठीण खरा. पण भूखंड न मिळालेला मुलगा कमावूं शकतो, ७१ वर्षांच्या आईस नव्यानें कमावतां येत नाहीं. यास्तव वहीखातें उघडावें तें पत्नीस शेजारीं बसवून, आणि दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं.