डाग आणि साबण

शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा थेंब पडतो, विद्यार्थी घाईनें साबण चोळतो, आणि पिवळा डाग क्षणांत लालभडक होतो! सदरा बिघडला असें समजून बिचाऱ्यास घरीं बोलणीं खावीं लागतात. (प्रस्तुत लेखकानेंही तीं खाल्लीं आहेत.) वस्तुतः तेथें बिघडलेलें कांहींच नसतें. हळदींतील कर्क्युमिन हें रंगद्रव्य क्षाराच्या संगतीनें तांबडें होतें, व कपड्यांचा साबण क्षारयुक्तच असतो. तो वरणांतील तूप काढतो, रंग मात्र पुरता काढूं शकत नाहीं. यास्तव साबण पाण्यानें स्वच्छ खळबळून काढावा आणि सदरा कडक उन्हांत घालावा. सूर्यप्रकाशानें कर्क्युमिनचें विघटन होऊन डाग फिका पडत जातो. एका दिवसांत न गेल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच करावें.

रक्ताच्या डागास थंड पाणीच हवें. कढत पाण्यानें त्यांतील प्रथिनें गोठून धाग्यास चिकटतात. हल्लींच्या कित्येक धुण्याच्या पावडरींत प्रथिनें तोडणारीं विकरें घातलेलीं असतात. सुती कपड्यांवरील रक्ताच्या व दुधाच्या डागांस तीं उत्तम. परंतु रेशीम आणि लोकर हींही प्रथिनेंच होत! तेव्हां आईचें रेशमी लुगडें असल्या पावडरींत भिजवूं नये. त्यास रिठ्याचें पाणी बरें.