अडतीस इंचांची चिंच

औंढ्याच्या रस्त्याला आमच्या पाहुण्यांच्या धुऱ्यावरची चिंच अवकाळीच्या वाऱ्यात मुळासकट आडवी झाली. चिंच १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत येते. पुढं झंझट नको म्हणून अर्ज केला, आणि कागद हाती येईस्तोवर झाड तसंच पडून राहिलं. मग झाडं तोडणारे मामा आले. सोबत एक पोरगा, दोन चेन सॉ मशिनी, कुऱ्हाड आणि लाकडी पाचरी.

बुंध्याला टेप लावला तर व्यास अडतीस इंच. मामांच्या ५८ सीसीच्या मशिनीचा पट्टा, म्हणजे चेन ज्याच्यावरून फिरते तो, बावीस इंची. मोबाइलवर बघून आलेलं शहाणपण मी लगेच पाजळलं. स्टील कंपनीची एमएस ८८१ म्हणून मशिन येते, १२१.६ सीसीची, हाताळायच्या चेन सॉमधली अगदी थोरली. तशी एखादी का घेत नाही?

"वजन?"

"पट्टा न धरता ९.९ किलो."

"मंग पट्टा, चेन, पेट्रोल धरून बारा-तेराच्या वर. दिवसभर उचलायचं कोणी, तुम्ही?"

उत्तर पुढच्या चार तासांत मिळालं. तीन तासांहून जास्त वेळ फांद्यांतच गेला. मामा कधी वाकून, कधी गुडघ्यावर, कधी फांदीवर पाय रोवून कापत होते. दर कापाआधी लाकडाचा ताण कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, मगच चेन टेकवायची. नाहीतर फांदी पट्ट्याला चिमटून धरते. इथं लागते ती हलकी मशिन. झाडतोडीचं बहुतेक काम हे असंच आहे, बुंधा आपला शेवटी.

शिवाय इथं लाकूड जातं कुठं? फेब्रुवारीपासून हळद निघते. ती शिजवायला कुकरखाली जाळ घालावा लागतो. भट्टीच्या तोंडातून जाईल तेवढंच सरपण हवं. जाड ओंडका आरागिरणीचा. तिथं फळ्या पाडायला मोठा आरा बसवलेलाच असतो. जिथं शेतातच फळ्या पाडतात किंवा रोज चार-पाच फुटी बुंधे कापतात, तिथं थोरल्या मशिनीचे पैसे वसूल होत असतील. आमच्याकडं तसा बुंधा वर्षातून एखादा.

मामांनी बुंध्याला एका बाजूनं काप घेतला, पाचर ठोकली, मग पलीकडून. बावीस आणि बावीस. अडतीसला पुरून उरतात. निम्म्यावर आल्यावर खर्रकन आवाज झाला आणि ठिणगी उडाली. बैल बांधायला कधीकाळी ठोकलेला खिळा लाकडानं पोटात घेतला होता. चेन काढली, कानस घेऊन मामा सावलीत बसले. त्रेचाळीस दात, प्रत्येकाला पाच-सहा हात. छत्तीस इंची पट्ट्याच्या चेनीला पन्नासाच्या वर दात असतात. मी हिशोब केला आणि गप्प बसलो. धार लागली की नाही ते मामा भुशावरून सांगतात: पिठासारखा पडला तर चेन बोथट, पोह्यासारखा जाड पडला तर बरोबर.

फक्त एका ठिकाणी माझं म्हणणं खरं ठरलं. कळमनुरीकडच्या एका मटणाच्या दुकानवाल्याला ठोकळ्यासाठी या बुडाची चकती हवी होती. चिंचेचं लाकूड चिवट, सुऱ्याचे घाव सोसतं. पण दोन बाजूंनी घेतलेले काप मधोमध जुळले नाहीत, अर्ध्या इंचाची पायरी राहिली. लांब पट्ट्याची मशिन असती तर चकती एका कापात सपाट निघाली असती. दुकानवाल्यानं त्यावरून तळवा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

मामांनी पोराला हाक मारली, "वाकस आण रे."

अर्धा तास ते पायरी तासत बसले. मी चकती धरून ठेवली होती.