उसाचे पाचट शेतात कुजवल्याने अन्नात जड धातू येतात का?

सातारा-सांगली भागात आता बरेच शेतकरी ऊस तुटल्यावर पाचट न जाळता सरीतच कुजवतात. ‘यातून शिसे, कॅडमियम पोटात जाऊन किडनी खराब होते का?’ असे रुग्ण आणि नातेवाईक विचारतात. थोडक्यात सांगायचे तर, चांगल्या जमिनीत पाचटाची भीती नको. जमीन आधीच दूषित असेल, तर मात्र लक्ष द्यायला हवे.

धातू येतात कुठून?
पाचट धातू तयार करत नाही. पिकाने मुळांवाटे जे शोषले, तेच कुजल्यावर मातीत परत जाते. मूळ स्रोत वेगळे असतात: कारखान्याचे किंवा शहराचे सांडपाणी, न तपासलेले कचऱ्याचे खत, स्फुरदयुक्त खतांतील अल्प कॅडमियम. द्राक्षबागेत वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण फवारल्याने तांबेही साठते. अशा जमिनीत अवशेष कुजवत राहिल्यास धातू बाहेर पडत नाहीत, तिथेच फिरत राहतात. कृष्णाकाठची काळी, चुनखडीयुक्त जमीन कॅडमियम बरेचसे धरून ठेवते. घाटमाथ्याकडील तांबड्या, आम्लधर्मी जमिनीतून मात्र पीक ते सहज शोषते.

शरीरावर काय परिणाम होतो?
कॅडमियम किडनीत साठते आणि त्यातले निम्मे बाहेर पडायलाही 10 ते 30 वर्षे लागतात. सुरुवातीला त्रास जाणवत नाही, फक्त लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. पुढे हाडे ठिसूळ होतात. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीच्या दूषित पाण्यावर पिकलेला भात खाऊन असेच घडले. 1968 मध्ये तिथल्या सरकारने हा आजार प्रदूषणामुळे झाल्याचे मान्य केले. शिशाचा धोका लहान मुलांच्या मेंदूला सर्वाधिक असतो.

जास्त काळजी कोणी घ्यावी?
• विडी-सिगारेट ओढणारे: तंबाखूचे झाड कॅडमियम भरपूर शोषते.
• रक्तात लोह कमी असलेल्या स्त्रिया: लोह कमी असले की आतडे कॅडमियम जास्त शोषते.
• गरोदर स्त्रिया आणि लहान मुले.
• किडनीचा आजार, मधुमेह असलेले.

तुम्ही काय करावे?
• मृदा आरोग्य पत्रिकेत तांबे, जस्त तपासले जाते. शिसे, कॅडमियम नाही. शेताला सांडपाणी मिळत असेल, तर कृषी विज्ञान केंद्रात विचारून ही तपासणी वेगळी करून घ्या.
• पालेभाज्या, कंद दोन-तीन पाण्यांनी धुवा, कंद सोला. यामुळे वरची माती जाते, आत शोषलेला धातू जात नाही.
• रोज एकाच शेतातले एकच धान्य नको. ज्वारी, बाजरी, भात आलटून पालटून खा.
• तंबाखू सोडा. रक्त कमी असेल तर उपचार घ्या.

तपासणी कोणाला हवी?
सर्वांना नाही. दूषित पाण्यावरच्या शेतातलेच अन्न वर्षानुवर्षे खात असाल, किंवा लघवीला फेस, पायांवर सूज असेल, तर डॉक्टरांना दाखवा. लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन यापासून सुरुवात होते. धातू बाहेर काढण्याच्या नावाखाली मिळणारी चूर्णे, काढे स्वतःहून घेऊ नका. त्यातली काही किडनीलाच इजा करतात.

भीतीपोटी भाजी खाणे सोडू नका, आणि पाचट जाळूही नका. धुराने दमा बळावतो आणि जाळून धातू नष्ट होत नाहीत. बरेचसे राखेतच उरतात.