घरबसल्या डॉक्टरेट : मृगजळ आणि पाणवठा



या स्मरणिकेतून आजवर मी लसीकरण, बालदमा, अतिसार अशा माझ्या नित्याच्या विषयांवर लिहीत आलो. यंदाचा विषय वरकरणी बालरोगशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु त्याची सुरुवात माझ्याच दवाखान्यात झाली आणि त्यात माझ्याकडून एक चूक घडली. त्या चुकीचे अल्पसे परिमार्जन म्हणून हे लेखन.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक भगिनी मुलाला ताप आला म्हणून घेऊन आल्या होत्या. त्यांच्या दोन्ही मुलांवर जन्मापासून मीच उपचार केलेले. त्या एका खाजगी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत. मुलाची तपासणी झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत माहितीपत्रक काढले आणि संकोचाने म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, घरबसल्या ऑनलाईन पीएच.डी. करता येते म्हणे. परदेशी विद्यापीठ आहे, अठरा महिन्यांत पूर्ण होते. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हांला कळेल.’’ बाहेर वीस-पंचवीस रुग्ण ताटकळत होते. मी पत्रकावर ओझरती नजर टाकली. ‘अधिस्वीकृत’, ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ असे शब्द दिसले. ‘‘मान्यता आहे ना, मग काय हरकत?’’ एवढे बोलून मी पुढच्या बालकाकडे वळलो.

दोन-अडीच वर्षांनी त्या पुन्हा आल्या. बोलण्याच्या ओघात कळले, की पदवीचा सोनेरी कागद मिळाला. पण प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत निवड समितीने तो बाजूला ठेवला. शुल्कासाठी गहाण ठेवलेल्या पाटल्या अजून सुटलेल्या नव्हत्या. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक लागले. औषधाची एक मात्रा लिहिताना आपण बालकाचे वजन दोनदा पाहतो. इथे मात्र एका कुटुंबाच्या बचतीविषयी मी न तपासता सल्ला दिला होता. त्यानंतर या विषयाचा जो अभ्यास केला, तो येथे मांडतो.

मान्यता आणि मानांकन

प्रथम दोन शब्दांमधील भेद समजून घ्यावा. मान्यता म्हणजे पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार. मानांकन, अर्थात अधिस्वीकृती, म्हणजे त्या संस्थेच्या गुणवत्तेचे मूल्यमापन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यातील कलम 22 प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केंद्रीय वा राज्य कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. गुणवत्तेच्या मूल्यमापनासाठी 1994 साली बंगळूर येथे ‘नॅक’ ही संस्था स्थापन झाली. अधिकारच नसलेल्या संस्थेने कितीही मानांकने मिरविली तरी तिची पदवी कायद्याच्या दृष्टीने शून्य ठरते.

याच कायद्यातील कलम 24 प्रमाणे नियमभंगाचा दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये आहे. एका विद्यार्थ्याकडून लाखांत शुल्क घेणाऱ्याला एवढ्या दंडाचे भय वाटण्याचे कारण नाही. म्हणूनच आयोग दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो आणि त्यापुढची सावधगिरी बव्हंशी आपल्यावरच राहते.

ऑनलाईन पीएच.डी. भारतात आहे काय?

याचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. आयोगाचे पीएच.डी.विषयक विनियम 7 नोव्हेंबर 2022 रोजी अधिसूचित झाले. त्यांनुसार कोणतीही उच्च शिक्षण संस्था दूरस्थ किंवा ऑनलाईन पद्धतीने पीएच.डी. चालवू शकत नाही. दूरस्थ व ऑनलाईन शिक्षणाच्या 2020 च्या विनियमांतही हेच बंधन आहे. त्याच्या काही दिवस आधी, ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस, आयोग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी संयुक्त जाहीर सूचना काढली होती. परदेशी संस्थांच्या सहकार्याने काही शैक्षणिक कंपन्या ज्या ऑनलाईन पीएच.डी. देऊ करतात, त्यांना आयोगाची मान्यता नाही, असे तीत निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते.

येथे एक शंका नेहमी येते. ‘‘इग्नू तर मुक्त विद्यापीठ, तिथे पीएच.डी. होते ना?’’ होते, परंतु ती दूरस्थ पद्धतीने होत नाही. तिथेही प्रवेशपरीक्षा, मार्गदर्शक आणि अभ्यासक्रमाची हजेरी ही सारी नियमित चौकट पाळावी लागते. संस्था मुक्त असली म्हणून तिची प्रत्येक पदवी घरबसल्या मिळते असे नाही.

परदेशाची गोष्ट थोडी निराळी आहे. अमेरिकेत रीतसर अधिस्वीकृत विद्यापीठे ऑनलाईन डॉक्टरेट देतात. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांना तेथील नोकरीसाठी तिचा उपयोगही होतो. मात्र अधिस्वीकृती देणारी संस्था स्वतः तेथील शिक्षण खात्याने किंवा ‘चिया’ या परिषदेने मान्य केलेली आहे काय, हे पाहावे लागते. कारण बनावट विद्यापीठांसोबत बनावट अधिस्वीकृती-संस्थाही जन्माला येतात. शिवाय खऱ्या पदवीचा खर्च डॉलरमध्ये आणि भरघोस असतो. ‘स्वस्त, परदेशी, अधिस्वीकृत आणि अल्पावधीत’ ही चारही विशेषणे एकाच पत्रकात दिसली, तर त्यांपैकी निदान एक खोटे आहे असे समजावे.

फसव्या खुणा

आपण वैद्यक मंडळी लक्षणांवरून निदान करतो, म्हणून या व्याधीची लक्षणेही नोंदवितो.

1) प्रवेशपरीक्षा नाही, मुलाखत नाही, शुल्क भरले की प्रवेश निश्चित.

2) कालावधी तीन वर्षांपेक्षा कमी. 2022 च्या विनियमांप्रमाणे अभ्यासक्रमासह किमान तीन आणि सर्वसाधारणतः कमाल सहा वर्षे हा कालावधी आहे.

3) ‘प्रबंध लिहून देण्याची सोय’. ही तर उघड अनीती होय.

4) ‘अपोस्टिल केलेली पदवी’ असा गाजावाजा. अपोस्टिल हा शिक्का कागदावरील सही-शिक्क्यापुरता असतो. पदवीच्या शैक्षणिक दर्जाशी त्याचा काहीही संबंध नाही.

5) ‘आय.एस.ओ. प्रमाणित विद्यापीठ’. ते व्यवस्थापनपद्धतीचे प्रमाणपत्र आहे. त्याने पदवी देण्याचा अधिकार मिळत नाही.

6) मार्गदर्शकाचे नाव आधी न सांगणे. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. ज्या संस्थेत मार्गदर्शकांची ददात नाही, तिथे मार्गदर्शनाचीच ददात असण्याचा संभव अधिक.

आणखी एक पडताळणी घरी बसून करता येते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भारतीय प्रबंधांचे भांडार सर्वांना विनामूल्य खुले आहे. ज्या विद्यापीठाचा व मार्गदर्शकाचा विचार चालू आहे, त्यांचे प्रबंध तिथे आहेत काय, आणि असल्यास कोणत्या प्रतीचे आहेत, हे स्वतः वाचून पाहावे. एका संध्याकाळच्या वाचनाने पुष्कळ उलगडा होतो.

तथापि, केवळ कायदेशीर स्थापना झाली म्हणजे सारे निर्वेध, असेही नाही. जानेवारी 2025 मध्ये आयोगाने राजस्थानातील तीन खाजगी विद्यापीठांना पुढील पाच वर्षे पीएच.डी.ला प्रवेश देण्यास मनाई केली. पदव्या देताना नियम पाळले नाहीत, हे त्याचे कारण होते.

मग परवडणारा मार्ग कोणता?

तो मार्ग आहे अंशकालीन पीएच.डी.चा. 2022 च्या विनियमांनी नोकरी करणाऱ्यांना ही मुभा दिली आहे. त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण, प्रवेशपरीक्षा व मुलाखत, किमान 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम, प्रबंध आणि मौखिक परीक्षा हे टप्पे पूर्णकालीन विद्यार्थ्यासारखेच असतात. म्हणजे नोकरी सुटत नाही, पण प्रवास चुकत नाही. सार्वजनिक विद्यापीठांचे शुल्क दलालांच्या मागणीच्या मानाने पुष्कळच कमी असते.

या बाबतीत आपला जिल्हा सीमेवर असणे ही अडचण नसून सोय आहे. तेलंगणाच्या बाजूस हैदराबादचे उस्मानिया (1918), वरंगळचे काकतीय (1976) आणि निजामाबादचे तेलंगणा विद्यापीठ (2006) आहे. महाराष्ट्राच्या बाजूस नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (1994), अमरावतीचे संत गाडगेबाबा विद्यापीठ (1983) आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ (2011) आहे. मराठी विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींना किनवटमार्गे नांदेड गाठणे काही नवे नाही. 1956 पर्यंत किनवट आपल्याच जिल्ह्यात होते.

ज्यांना पूर्णवेळ संशोधन शक्य आहे, त्यांच्यासाठी ‘नेट’ परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. तिची रक्कम जानेवारी 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये करण्यात आली. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्याही आहेत. योग्य वाटेने जाणाऱ्याला शुल्क भरण्याऐवजी विद्यावेतन मिळू शकते, ही गोष्ट आपल्या पालकांपर्यंत अजून पुरेशी पोहोचलेली नाही.

आणि मुळात पदवी हवी कशासाठी, हाही प्रश्न विचारावा. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी 1 जुलै 2023 पासून पीएच.डी. ऐच्छिक असून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता आहे. माझ्या त्या भगिनीला आज कोणी विचारील, तर पाटल्या गहाण न ठेवता नेटची पुस्तके घ्यावीत, असे मी सांगेन.

आपल्या व्यवसायबंधूंना दोन शब्द

आमिष आपल्यालाही दाखविले जाते. मीही त्याला अपवाद नाही. पन्नाशी उलटल्यावर नावापुढे आणखी काही अक्षरे असावीत असा मोह मला झाला होता आणि अशाच एका संस्थेचा अर्ज मी निम्मा भरलाही होता. त्या अर्जात संशोधनाच्या विषयासाठी एकच ओळ होती आणि शुल्क भरण्याच्या पद्धतीसाठी एक अख्खे पान. तेव्हा हात थांबला.

2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार नावापुढे मान्यताप्राप्त वैद्यकीय पदव्या, अथवा व्यावसायिक ज्ञान किंवा विशेष गुणवत्ता दर्शविणारी प्रमाणपत्रे, सदस्यत्वे व सन्मानच लावता येतात. विकत घेतलेली ‘मानद डॉक्टरेट’ त्यांत बसत नाही. आपल्या सत्कारसमारंभांच्या निमंत्रणपत्रिकांतून अशा उपाध्या छापण्यापूर्वी त्या कोणी दिल्या, याची चौकशी आयोजकांनी अवश्य करावी. आपण छापतो, टाळ्या वाजवितो, आणि त्याच टाळ्या ऐकून एखादी शिक्षिका माहितीपत्रक पिशवीत घालते.

ज्यांना खरोखर संशोधन करावयाचे आहे, त्यांच्यासाठी वरंगळचे काळोजी नारायण राव आरोग्यविज्ञान विद्यापीठ किंवा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांच्याकडे रीतसर विचारणा करणे, ही पहिली पायरी होय. मात्र संशोधनासाठी पीएच.डी.ची वाट पाहण्याचीही गरज नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेद्वारे 39 गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’ने छापले. त्या कामामागे घरोघर जाणाऱ्या आरोग्यदूतांच्या काटेकोर नोंदी होत्या.

आपल्या जिल्ह्यानेही जगाला संशोधन दिले आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात मारलवाईच्या गोंड वस्तीत राहून अभ्यास केला आणि 1948 साली आदिलाबादच्या राजगोंडांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याला आपण मागास भाग म्हणतो, तोच त्यांच्या विद्येचा पाणवठा ठरला. आजही आपल्या बाह्यरुग्ण कक्षात सिकलसेलग्रस्त बालके येतात, कुपोषित बालके येतात. त्यांच्या नोंदी नीट ठेवल्या तर प्रबंधाचे विषय दारात उभे आहेत.

त्या भगिनीने गतवर्षी नेटचा अर्ज भरला. शुल्काची रक्कम मी द्यावी अशी माझी इच्छा होती. तिने नम्रपणे नाकारली आणि म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, पैसे नकोत. पुढच्या वेळी कुणी कागद दाखवला, तर तेवढा नीट वाचा.’’

त्या दिवसापासून माझ्या मेजावर एक वही आहे. कोणी पदवीचा, प्रवेशाचा कागद दाखविला की मी संस्थेचे नाव त्या वहीत लिहून घेतो, आयोगाच्या याद्या पडताळतो आणि दुसऱ्या दिवशी उत्तर देतो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मेजावर अशी एक वही असावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती.