रोजा नंतर ठेवता येतो, गोळीचं तसं नाही

सकाळचे दहा वाजलेले असतात. मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावातली अरुंद गल्ली. आशाताई दारातून विचारतात, "चाचा, आजच्या गोळ्या घेतल्या का?" आतून उत्तर येतं, "रोजा आहे बेटी, रात्री घेईन." रात्री त्या घेतल्या की नाही, हे पाहायला कोणी नसतं.

क्षयरोग पूर्ण बरा होतो, पण त्याला सहा महिने द्यावे लागतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. महिनाभरात खोकला कमी होतो, ताप उतरतो आणि माणसाला वाटतं, झालो बरा. गोळ्या सुटतात त्या इथेच. मग उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि हाच चिवट आजार घरातल्या पोराबाळांनाही लागू शकतो. म्हणूनच समोर उभं राहून गोळी खायला लावण्याची 'डॉट्स' पद्धत आली. भारतात ती १९९७ पासून राबवली गेली आणि २००६ पर्यंत देशभर पोहोचली.

कागदावर सोपी असलेली ही पद्धत गल्लीत अवघड होते. मागावर बारा तासांची पाळी. केंद्र उघडतं तेव्हा कामगार कामावर. गोळ्यांनी मळमळतं, लघवी नारिंगी होते, माणूस घाबरतो. लग्नाच्या मुलीच्या घरी तर आशाताईंनी दारात थांबूच नये, असं वाटतं; शेजाऱ्यांना कळलं तर स्थळ मोडेल! पूर्वी आठवड्यातून तीनदा असलेल्या गोळ्या आता रोजच्या झाल्या. एका आशाताईने किती उंबरे झिजवायचे? रुग्णाचा उपचार पूर्ण झाल्यावर तिला मिळणारं मानधन हजार रुपये. रुग्णाला पोषणासाठी महिन्याला पाचशे मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले; पण बँक खात्याचा घोळ असला की तेही अडकतात.

त्यात रमजान येतो. सगळं घर रोजा ठेवत असताना आपणच दुपारी पाणी प्यायचं, याची रुग्णाला लाज वाटते. खरं तर सूरह अल-बकरामध्ये आजारी माणसाला स्पष्ट सवलत आहे: बरं झाल्यावर तितकेच रोजे पूर्ण करावेत. ही सवलत म्हणजे पळवाट नव्हे, अल्लाहची मेहरबानी आहे. हे जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनी सांगितलं, तर ते डॉक्टरांच्या सांगण्याइतकंच कामी येईल. तब्येत सुधारलेल्याला रोजा ठेवायचाच असेल, तर गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी, आणि इफ्तारनंतर किंवा सहरीला गोळी समोर बसून देणारं घरातलं माणूस ठरवावं.

शेजारी हिंदू असो वा मुसलमान, खोकणाऱ्यापासून तोंड फिरवण्याऐवजी "आज गोळी घेतली का?" एवढं विचारलं, तरी आशाताईंचं अर्धं ओझं हलकं होईल. सुटलेला रोजा ईदनंतर भरून काढता येतो. अर्धवट सोडलेला उपचार मात्र पुढे साऱ्या घराला भरावा लागतो.